तमालपत्राला ‘बे लीफ’ म्हणण्यापूर्वी

आमच्या लहानशा निर्माणशाळेत काष्ठौषधी निवडण्याचे, पाखडण्याचे काम गेली कित्येक वर्षे एक मावशी करतात. शिक्षण चौथीपर्यंतचे; परंतु हाताला आणि नाकाला जी समज आहे ती आमच्यापैकी अनेक पदवीधरांना हेवा वाटावा अशी. दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली गोष्ट. अविपत्तिकर चूर्णाच्या नव्या घाण्याची तयारी चालू होती. मावशी सुपात पाने घेऊन माझ्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, “डॉक्टर, ह्या पानाला तीन शिरा कुठं हायेत? आमच्या मसाल्याच्या पानाला असत्यात.” मी पान हाती घेतले. मधोमध एकच शीर आणि तिच्यापासून दोन्ही बाजूंना पिसासारख्या निघालेल्या बारीक उपशिरा. पान जेमतेम बोटभर लांब, जाड, कडा किंचित नागमोडी. चुरगाळून हुंगले तर दालचिनी-लवंगेची ओळखीची ऊब नव्हती. निलगिरीच्या तेलासारखा थंड, तरतरीत वास होता. ते तमालपत्र नव्हते. भूमध्य सागराच्या काठचे लॉरेलचे पान होते ते, लॉरस नोबिलिस.

पोते दोन महिन्यांपूर्वी आले होते. त्यातील पानांचा एक घाणा त्याआधीच कुटून, चाळून, बाटल्यांत भरून रुग्णांच्या घरी पोहोचला होता. तो घाणा मी स्वतः तपासून सोडला होता, आणि बी.ए.एम.एस.च्या दुसऱ्या वर्षी द्रव्यगुणाच्या तोंडी परीक्षेत तमालपत्राची ओळख सांगून मी गुणही मिळवले होते.

साहजिकच प्रथम व्यापाऱ्यावर राग आला. दूरध्वनी केला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “साहेब, मागणी काय लिहिली होती ते बघा. बिल बघा.” मी पाहिले. आमच्या कच्च्या मालाच्या संगणकीय यादीत तमालपत्रासमोर ‘बे लीफ’ असे लिहिलेले होते. मागणी त्याच नावाने गेली होती. आणि त्याच नावाचा, अगदी स्वच्छ, निवडक, परदेशी माल त्यांनी पाठवला होता. मोठ्या हॉटेलांना तो हाच माल देतात. बिलावरही तेच नाव होते. व्यापाऱ्याने मला फसवले नव्हते. त्याने माझे म्हणणे शब्दशः ऐकले होते. ती यादी सात-आठ वर्षांपूर्वी मीच तयार केली होती.

प्रस्तुत लेख लिहिण्याचे कारण एवढेच, की ही चूक माझ्या एकट्याच्या यादीत असेल असे मला वाटत नाही. अनेक वैद्यमित्रांच्या चिठ्ठ्या, फार्मसीची दरपत्रके आणि विद्यार्थ्यांच्या वह्या यांतून ‘तमालपत्र म्हणजे बे लीफ’ हे समीकरण इतके रुळले आहे, की त्यात काही चुकते आहे ही शंकाही येईनाशी झाली आहे.

शास्त्रातील ‘पत्र’ कोणते, याबद्दल आपल्याकडे फारसा वाद नाही. सुश्रुताच्या एलादि गणात ते त्वक् आणि नागपुष्पाच्या शेजारी बसलेले आहे. भावप्रकाशाने त्याला कर्पूरादि वर्गात घातले, लघु व उष्ण म्हटले आणि कफवात, अर्श, हृल्लास, अरुची, पीनस यांवर सांगितले. त्वक्, एला व पत्र मिळून त्रिजातक, त्यात नागकेशर घातले की चातुर्जातक, हे तर प्रथम वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. चंद्रप्रभा वटी, कांचनार गुग्गुळ, एलादि गुटिका, च्यवनप्राश यांपैकी काहीही घ्या, पत्र त्यात आहेच. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशाने त्वक्‌पत्र म्हणून जे अधिकृत मानले ते सिनॅमोमम तमाला या वृक्षाचे वाळलेले पान. हा वृक्ष हिमालयाच्या मधल्या उंचीवर, उत्तराखंडापासून ईशान्येकडे खासी-जयंतिया टेकड्यांपर्यंत वाढतो. उत्तराखंडाच्या तेजपातास २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. म्हणजे माल देशात आहे, ओळख ठरलेली आहे, ग्रंथाधार आहे. संदिग्ध द्रव्यांच्या यादीत टाकून हात झटकावेत असे हे प्रकरण नव्हे.

मग घोटाळा आला कोठून? तो आला इंग्रजीतून. इंग्रजांना त्यांच्या स्वयंपाकघरातले सुगंधी पान ठाऊक होते ते लॉरेलचे, म्हणजे ‘बे’. येथे आल्यावर रश्श्यात पडणारे दुसरे सुगंधी पान दिसले. त्यालाही तेच नाव दिले, फार तर पुढे ‘इंडियन’ जोडले. पुढे ‘इंडियन’ गळाले आणि ‘बे लीफ’ उरले. दोन्ही वृक्ष एकाच लॉरेसी कुळातले, हे खरे. पण एका कुळातले म्हणून एक द्रव्य मानायचे ठरवले तर त्याच कुळातला कापूरही दालचिनीच्या जागी घालावा लागेल.

येथे एक गोष्ट मुद्दाम नमूद करावीशी वाटते. हकिमांनी ही गल्लत केली नाही. युनानी वैद्यकात आपले तमालपत्र ‘साजज हिंदी’ म्हणून ओळखले जाते आणि लॉरेलला ‘गार’ म्हणतात. त्याच्या फळांचे ‘हब्बुल गार’ हे वेगळे औषध आहे. दोन्ही मुलखांशी ज्यांचा व्यापार होता त्यांना दोन नावे ठेवण्याची गरज तेव्हाच कळली होती. त्याही मागे गेलो तर ग्रीक आणि रोमन लोक भारतातून जे ‘मलाबाथ्रम’ मोठ्या किमतीने नेत, तो शब्द आपल्या ‘तमालपत्रम्’चाच अपभ्रंश. स्वतःच्या अंगणात लॉरेल असताना, त्याच्या पानांचे मुकुट विजयी वीरांच्या मस्तकी घालत असताना, ते लोक आपले पान जहाजातून नेत होते. कारण ते वेगळे आहे हे त्यांना कळत होते. आजही आपल्या मसाला मंडळाच्या १९८६ च्या कायद्याच्या अनुसूचीत तेजपात आणि बे लीफ या दोन स्वतंत्र नोंदी आहेत. मसाल्याचा व्यापारी ज्या दोन वस्तू वेगळ्या मोजतो त्या वैद्याने एक मानाव्यात, हे आपल्याला शोभणारे नाही.

आता ओळखीकडे वळू. मावशींची तीन शिरांची खूण पहिली आणि सर्वांत उपयोगी. तमालपत्राच्या देठापासून, किंवा देठाच्या किंचित वरून, तीन ठळक शिरा निघतात आणि जवळजवळ समांतर चालत टोकापर्यंत जातात. पान लांबट, टोकाला निमुळते, बहुधा वीतभर किंवा त्याहून थोडे कमी. लॉरेलचे पान त्याच्या निम्म्याने, त्याला मध्यशीर एकच. वाळलेला माल मुडपलेला असतो, तुटलेला असतो, धुळीने माखलेला असतो. तेव्हा वरवर पाहून निर्णय देऊ नये. मी आता प्रत्येक पोत्याच्या वरच्या, मधल्या आणि तळच्या थरातून मूठभर पाने काढतो, कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे भिजवतो, काचेवर पसरून उजेडासमोर धरतो. शिरा लपून राहत नाहीत. नंतर एक पान चुरगाळून हुंगायचे आणि तुकडा चावून पाहायचा. तमालपत्रात लवंगेतील युजेनॉल किंवा दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड प्रदेशपरत्वे कमीअधिक असते, त्यामुळे त्याचा वास उबदार, गोडसर तिखट. लॉरेलच्या तेलात सिनिऑल प्रमुख, म्हणून निलगिरीची आठवण.

परंतु तीन शिरा दिसल्या म्हणजे काम संपले असे मात्र समजू नये, आणि येथेच आपल्या महाराष्ट्राचा वेगळा प्रश्न सुरू होतो. सिनॅमोमम वंशातील बहुतेक सर्व जातींच्या पानांना तीन शिरा असतात. कोकणात दालचिनीची लागवड आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण तेज’ ही जात अनेकांच्या परसात, बागेत उभी आहे. साल काढण्यासाठी फांद्या छाटल्या की पाने उरतात, आणि ती घरोघर तमालपत्र म्हणूनच वापरली जातात. हे पान अधिक रुंद, अधिक चकचकीत, शिरा कधी तीन तर कधी पाच, आणि वास लवंगेकडे झुकणारा. सह्याद्रीच्या रानात रानदालचिनीच्या इतर जाती आहेत, त्यांचीही पाने बाजारात उतरतात. कापराच्या झाडाचे पान त्याच वंशातले. त्याचा देठ लांब, शिरांच्या बेचक्यात लहान फुगीर गाठी, आणि चुरगाळताच येणारा कापराचा वास कोणालाही ओळखू यावा असा. कोकणातील दालचिनीचे पान स्वयंपाकात वापरण्याला माझी काडीचीही हरकत नाही. माझ्या आजोळी तेच वापरतात आणि त्याच्या बिरडीला तोड नाही. औषधात मात्र ते घातले तर तसे नोंदवहीत लिहावे, एवढाच आग्रह.

तीन शिरांच्या खुणेवर विसंबण्याचा खरा धोका तिसराच आहे. कोकणच्या रानात, गावाच्या कडेला, काजरा मुबलक आहे. काजरा म्हणजे आपला कुचला, स्ट्रिक्नॉस नक्स-व्होमिका. त्याचे पान समोरासमोर, तुळतुळीत हिरवे, आणि देठापासून तीन ते पाच ठळक शिरा असलेले. ते अधिक गोलसर असते, त्याला सुगंध अजिबात नसतो आणि चव अत्यंत कडू असते. काजऱ्याची पाने कोणी तमालपत्र म्हणून विकतो असे माझे म्हणणे नाही. परंतु ‘तीन शिरा असलेले पान रानातून आणा’ असे जर आपण एखाद्या रुग्णाला सहज सांगितले, तर आपल्या त्या अर्ध्या वाक्यात एक विषवृक्षही बसतो, हे ध्यानात ठेवावे. शिरा डोळ्यांनी पाहाव्यात. निर्णय नाकाने द्यावा. वास नसलेले पान, मग ते कितीही देखणे असो, तमालपत्र नव्हे. फार जुने, तेल उडून गेलेले तमालपत्रही बिनवासाचे होते. पण तेही टाकूनच द्यायचे असते.

विषय चातुर्जातकाचा निघालाच आहे तर थोडे विषयांतर क्षम्य मानावे. नागकेशर म्हणजे मेसुआ फेरिया या वृक्षाच्या फुलांतील पुंकेसर. आपल्याकडे गोड्या मसाल्यात जे ‘काळे नागकेशर’ पडते, ती देठासकट वाळवलेली लहान काळी फळे असतात, आणि ती दालचिनीच्याच वंशातील झाडांची. सुरंगीच्या कळ्याही तांबडे नागकेशर म्हणून विकल्या जातात. म्हणजे एखाद्या निष्काळजी निर्माणशाळेत असे घडू शकते, की त्वक् दालचिनीचे, पत्र दालचिनीचे आणि केशरही दालचिनीचेच. चातुर्जातकाच्या चारांपैकी एकटी वेलचीच काय ती परकी. नाव चार द्रव्यांचे, कुटले दोन द्रव्यांचे. तालीसपत्राची गोष्ट तर याहून गंभीर आहे, कारण त्या नावाखाली टॅक्ससची पाने मिळाल्याचे जुने अनुभव आहेत आणि टॅक्ससचे पान हृदयाला विषारी असते. त्यावर स्वतंत्रपणेच लिहावे लागेल.

माझ्या चुकीची हकीकत मी एका बैठकीत सहकाऱ्यांना सांगितली, तेव्हा एका ज्येष्ठ वैद्यांनी हसून विचारले, “अविपत्तिकरात पत्र किती?” प्रश्न मार्मिक होता. हिशेब मांडून पाहावा. त्रिकटू, त्रिफळा, मुस्ता, विडलवण, विडंग, एला व पत्र ही अकरा द्रव्ये एकेक भाग. त्या सर्वांइतकी, म्हणजे अकरा भाग लवंग. त्या सर्वांच्या दुप्पट, म्हणजे चव्वेचाळीस भाग निशोत्तर. आणि त्या सर्वांइतकी सहासष्ट भाग साखर. एकूण १३२ भाग. त्यात पत्र एक. तेरा किलो दोनशे ग्रॅम चूर्णात तमालपत्र शंभर ग्रॅम. आणि लवंग एक किलो शंभर ग्रॅम! “एवढ्या लवंगेपुढे तुमच्या त्या शंभर ग्रॅम पानांचे काय घेऊन बसलात?” असे ते म्हणाले, आणि बैठकीतील अनेकांना ते पटले.

मलाही क्षणभर पटले होते. ते येथे लपवत नाही. ज्या रुग्णांनी ते चूर्ण घेतले त्यांच्यापैकी कोणालाही अपाय झाला नाही. लॉरेलचे पान अर्ध्या जगाच्या स्वयंपाकात शिजते, ते विषारी नव्हे. अम्लपित्ताच्या माझ्या रुग्णांना नेहमीइतकाच उपशय मिळाला. तरीही तो युक्तिवाद मला मान्य नाही. एक तर तेच पोते चातुर्जातकासाठीही उघडले जाणार होते, आणि तेथे पत्र १३२ वा नव्हे, चौथा भाग असतो, त्रिजातकात तिसरा. दुसरे म्हणजे, १३२ वा भाग नगण्य आहे असे जर आपले खरोखर मत असेल, तर तो पाठातून काढून टाकण्याचे धैर्य दाखवावे. पाठात ठेवायचा, लेबलावर छापायचा, आणि पोत्यात मात्र दुसरेच पान चालवायचे, ही तिसरी वाट प्रामाणिक नाही. आधुनिक संशोधक जेव्हा आपल्या कल्पांचे पृथक्करण करतात आणि दोन निर्माणशाळांच्या एकाच औषधाचे निष्कर्ष जुळत नाहीत, तेव्हा दोष आयुर्वेदाच्या माथी येतो. तो दोष पुष्कळदा पोत्याचा असतो.

काही मित्र प्रतिनिधी द्रव्याचा आधार घेतात. अभावे प्रतिनिधी ही संकल्पना आपलीच आहे आणि ती मोलाची आहे. पण तिची अट पहिल्याच शब्दात सांगितलेली आहे: अभाव. मूळ द्रव्य मिळत नसेल, तर रस, वीर्य, विपाक यांनी जवळचे दुसरे द्रव्य जाणीवपूर्वक निवडावे. येथे मूळ द्रव्याचा अभाव नाही. आणि लॉरेलचा रस-वीर्य-विपाक आपल्या प्राचीन निघंटूंनी सांगितलेला नाही. मी काही निवडलेही नव्हते. न कळत घडलेल्या चुकीला नंतर प्रतिनिधी म्हणणे ही शास्त्राची सोय करून घेणे झाले.

इथपर्यंतचा विषय शुद्धतेचा होता. पुढचा प्रसंग घडला नसता तर कदाचित मी हा लेख लिहिलाही नसता.

माझे एक वृद्ध रुग्ण, निवृत्त शिक्षक, गेल्या वर्षी हिवाळ्यात मुलीकडे इंग्लंडला गेले होते. तेथून सर्दी-खोकल्यासाठी दूरध्वनीवर सल्ला विचारला. मी सुंठ, ज्येष्ठमध, मिरी आणि तमालपत्र यांचा साधा काढा सांगितला, आणि सवयीने पुढे जोडले, “तिकडे बे लीफ म्हणून मिळेल.” मुलीचे घर लहान गावात, भारतीय दुकान दूर. जावयांनी सांगितले की बे म्हणजेच लॉरेल. शेजाऱ्यांच्या कुंपणाला दाट, चकचकीत पानांची झाडे होती, आणि शेजाऱ्यांनी अभिमानाने सांगितले होते की ही आमची लॉरेलची बाग. गुरुजींनी विचारून मूठभर पाने तोडली. सुदैवाने ते जुन्या वळणाचे. कोणतेही पान हाताला लागले की आधी चुरगाळून हुंगायचे, ही त्यांची सवय. वास कडू बदामाचा आला. त्यांना तो ओळखीचा वाटला नाही म्हणून पातेले चुलीवर ठेवण्यापूर्वी त्यांनी मला पुन्हा दूरध्वनी केला.

इंग्लंडमध्ये नुसते ‘लॉरेल’ म्हटले की बहुतेक वेळा जे कुंपण डोळ्यांसमोर येते ते चेरी लॉरेल, म्हणजे प्रूनस लॉरोसेरॅससचे. त्याचा लॉरेसी कुळाशी संबंध नाही. ते बदाम-जर्दाळूच्या गोतातले. पानांत प्रुनासिन नावाचे द्रव्य असते आणि पान चिरडले की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटते. कडू बदामाचा वास येतो तो याच क्रियेत. त्या देशात फुलपाखरांचे संग्राहक कीटक मारण्यासाठी बरणीत हीच चुरडलेली पाने घालत असत. तेथे एके काळी या पानांचे ऊर्ध्वपातित पाणी औषधातही वापरले जाई. आणि त्याच पाण्याने सर थिओडोसियस बाउटन या तरुण सरदाराला मारल्याच्या आरोपावरून त्याच्या मेव्हण्याला १७८१ साली वॉरिकला फाशी झाली होती. तो दोषी होता की नाही यावर अजूनही लिहिले जाते. पण पानाच्या विषारीपणाबद्दल दुमत नाही. चेरी लॉरेलचे पान मोठे, चामड्यासारखे, अतिशय तकतकीत. कडेला विरळ बारीक दाते. आणि मागील बाजूस देठाजवळ मध्यशिरेलगत लहान ग्रंथींचे ठिपके. खरे बे लॉरेल त्यापेक्षा लहान, मंद हिरवे, कडेला दाते नाहीत पण हलकी लाट, आणि वास बदामाचा नव्हे, सुगंधी.

त्या दिवशी मी शब्दकोश उघडून बसलो तेव्हा ‘लॉरेल’ या एका शब्दाने इंग्रजीत किती झाडे झाकली आहेत हे पाहून थक्क झालो. अमेरिकेतील ‘माउंटन लॉरेल’ म्हणजे काल्मिया, ते विषारी. युरोपातील ‘स्पर्ज लॉरेल’ ही डॅफ्ने वंशातली वनस्पती, तीही विषारी. फ्रेंच लोक आपल्या कण्हेरीला ‘गुलाबी लॉरेल’ अशा अर्थाचे नाव देतात, आणि कण्हेर आपल्या उपविषांत गणलेली. आणि आपल्याकडची? ‘अलेक्झांड्रियन लॉरेल’ म्हणजे किनाऱ्यावरची उंडी. ‘इंडियन लॉरेल’ या नावाने इमारती लाकडाच्या बाजारात आपला ऐन विकला जातो आणि बागकामात नांदरुख. कॅलिफोर्नियात ‘बे लॉरेल’ म्हणून तिसरेच झाड आहे, अम्बेल्युलॅरिया. त्याचा वास इतका उग्र की त्याला ‘डोकेदुखीचे झाड’ असेही म्हणतात. तेथे आपली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत, आणि येथील वैद्यांचा सल्ला घेणारीही पुष्कळ. ज्या शब्दात ऐनापासून सायनाइडपर्यंत सारे मावते, तो शब्द औषधाच्या चिठ्ठीवर लिहिण्याच्या लायकीचा नाही.

गुरुजींना मी दुसऱ्या दिवशी फक्त सुंठ, मिरी आणि मध घ्यायला सांगितले. ते बरे झाले. परंतु त्या रात्री मला झोप लागली नाही. निर्माणशाळेतली चूक माझ्या यादीची होती. ही माझ्या जिभेची. दोन्हींचे मूळ एकच दोन अक्षरी इंग्रजी नाव.

करायचे काय, यावर माझे मत थोडक्यात मांडतो. परवानाधारक निर्मात्यांसाठी शेड्यूल टी २००० सालापासून आहे. कच्च्या मालाची ओळख पटवून नोंद ठेवणे त्यात अपेक्षित आहेच. प्रश्न आहे तो आपल्यासारख्यांचा, जे स्वतःच्या रुग्णांपुरते औषध बनवतात. कायद्याने वैद्याला स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करण्यास परवान्यातून सूट दिली आहे. ही सूट म्हणजे वैद्याच्या ज्ञानावर टाकलेला विश्वास आहे. निरीक्षक आपल्या दारी येणार नाही. म्हणून पोत्यात हात घालणारा शेवटचा जाणकार माणूस आपणच असतो. तमालपत्र नेहमी अखंड पान घ्यावे, तयार चूर्ण कधीही घेऊ नये, कारण कुटल्यावर शिरा उरत नाहीत आणि मग सूक्ष्मदर्शकाखेरीज गती नाही. मागणी लेखी, आणि त्यात तमालपत्र, सिनॅमोमम तमाला, एवढेच लिहावे. दुकानदार मित्रांना विनंती, की आपल्याकडे दोन्ही पाने असतील तर दोन डबे वेगळे ठेवा आणि परदेशी पानावर ‘लॉरेल, स्वयंपाकासाठी’ अशी चिठ्ठी लावा. गिऱ्हाईक तुटत नाही, उलट विचारून नेते. आणि परदेशी असलेल्या रुग्णाला सल्ला देताना ‘भारतीय दुकानातून आणलेले, तीन शिरांचे, दालचिनीच्या वासाचे पान, मिळाले नाही तर वगळा’ असे पूर्ण वाक्य बोलावे. काढ्यात तमालपत्र नसले तर फारसे बिघडत नाही. त्याच्या जागी दुसरेच पान पडले तर काय बिघडेल ते मात्र सांगता येत नाही.

चूक उघड झाल्यावर काय करावे, हेही कोठेतरी लिहिले गेले पाहिजे. मी उरलेले पोते परत केले, आणि उरलेल्या बाटल्या बाजूला काढल्या. पण ज्यांच्या घरी चूर्ण गेले होते त्यांना मी काही सांगितले नाही. अपाय नाही, मग उगाच शंका कशाला, असा विचार केला. आज तसे वागेन असे वाटत नाही. या अंकाचे वाचक बहुतांशी वैद्य असले तरी माझे काही रुग्णही हे नियतकालिक माझ्या प्रतीक्षागृहात चाळतात. त्यांना हे येथे कळावे.

आपल्या संघटनेमार्फत सभासद फार्मसींना कच्च्या मालाची जी नमुना यादी दिली जाते, तिच्या पुढील आवृत्तीत तमालपत्रासमोरचा इंग्रजी रकाना रिकामा ठेवावा किंवा तेथे शास्त्रीय नाव छापावे, अशी कार्यकारिणीला माझी सूचना आहे. तोवर आमच्या निर्माणशाळेत मावशींच्या टेबलाजवळ एक जाड पुठ्ठा टांगलेला आहे. त्यावर तमालपत्र, कोकणातील दालचिनीचे पान, कापराचे पान, लॉरेल आणि काजरा अशी पाच पाने चिकटवली आहेत. गुरुजी इंग्लंडहून परतले तेव्हा वहीत दाबून त्यांनी एक पान आणले, ते सहावे. वाळूनही त्याची तकाकी गेलेली नाही.